दिवस हाच घटक : एकाकी सायकलप्रवासाच्या लेखनाचा रूपबंध

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत प्रवासाचे साधन हा सहसा तपशिलाचा भाग मानला जातो. लेखक कोठे गेला, त्याने काय पाहिले आणि पाहण्यामागे त्याची दृष्टी कोणती होती, या तीन प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहते. तो बोटीने गेला की आगगाडीने, हा प्रश्न चरित्रकारावर सोपविला जातो. अनंत काणेकर यांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंतच्या मराठी प्रवासलेखनाच्या चर्चेतही लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाला जे स्थान मिळाले ते त्याच्या वाहनाला मिळालेले नाही. यात फारसे नवल नाही. बोट, आगगाडी, विमान ही साधने प्रवाशाला नेतात; कथनाच्या घाटावर होणारा त्यांचा परिणाम चटकन जाणवत नाही. एकट्याने, सायकलीवर तंबू लादून केलेल्या दीर्घ प्रवासाच्या लेखनात मात्र साधन हेच घाट ठरविते, आणि म्हणून हा काहीसा उपेक्षित लेखनप्रकार कथनमीमांसेच्या अभ्यासकाला उपयोगी पडावा असा आहे.

या लेखनाचा मूलघटक स्थळ नसून दिवस हा आहे. ओझे लादलेली सायकल बऱ्या रस्त्यावर दिवसाकाठी ऐंशी ते शंभर किलोमीटर जाते. चढ, समोरचा वारा किंवा खडी लागली की हा आकडा निम्म्यावर येतो. आगगाडीचा प्रवासी दोन शहरांची नावे घेऊन मधला प्रदेश गाळू शकतो. वुल्फगांग शिव्हेलबुश यांनी रेल्वेप्रवासाच्या १९७७ मधील आपल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे खिडकीतून दिसणारा प्रदेश हा चित्रपटासारखा सरकतो; पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यात काच आणि वेग उभे असतात. सायकलस्वाराला ही सोय नाही. मधला प्रदेश हाच त्याचा प्रवास. गावांची नावे त्याच्या वहीत येतात ती बहुधा पाणी, पाव आणि रॉकेल कोठे मिळाले याची खूण म्हणून.

आता या दिवसाची जडणघडण पाहावी. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूस श्वासाचे दव धरलेले असते. ते झटकून, ओले कापड तसेच गुंडाळून निघावे लागते. पहिला तास गुडघे कुरकुरतात. सकाळ ही अंतर कापण्याची वेळ, दुपार सावली शोधण्याची. तिसऱ्या प्रहरी एक शैथिल्य येते, ज्यात चुकीच्या फाट्यावर वळणे, पंक्चर होणे, स्वतःशी भांडणे या गोष्टी घडतात. सूर्य कलला की मुक्कामाची जागा शोधण्याचा अस्वस्थ तास सुरू होतो. मग खुंट्या, चूल, जेवण, वही. हा क्रम शंभर दिवस चालतो, आणि कथनाची अडचण नेमकी येथे आहे. जेरार जनेत यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर जे अनेकदा घडले ते एकदाच सांगणे, हे पुनरावर्ती निवेदनाचे रूप या अनुभवाला जवळचे. परंतु प्रवासवर्णन हा प्रकार वाचकाला अपूर्वतेचे वचन देऊन बसलेला असतो. ‘रोज असेच’ हे वाक्य त्या वचनाशी विसंगत आहे. सामान्य पुस्तके या पेचातून आकड्यांच्या आधारे सुटू पाहतात : आज किती किलोमीटर, किती चढ, किती पंक्चर. असे दिवस एकामागून एक छापले गेले तरी त्यांतून काळ निर्माण होत नाही, केवळ यादी निर्माण होते. चांगल्या लेखकाला एकच दिवस असा सांगता येतो की न सांगितलेले दिवस त्यात जाणवत राहावेत. ही कसोटी वाटते त्यापेक्षा कठीण आहे.

टॉमस स्टीव्हन्स यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २२ एप्रिल १८८४ रोजी पुढचे चाक पन्नास इंच व्यासाचे असलेल्या कोलंबिया बनावटीच्या सायकलीवरून ते सान फ्रान्सिस्कोहून निघाले आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोहोचले. बरोबर मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि तंबू व अंथरूण या दोन्ही कामी येणारा एक रेनकोट. त्यांचे लेखन आधी ‘आउटिंग’ या मासिकातून क्रमशः आणि मग १८८७-८८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. हप्त्यांच्या प्रकाशनाने दिवसाचा घटक काहीसा वाकविला : हप्ता उत्कंठेवर संपावा लागतो, दिवस झोपेवर संपतो. स्टीव्हन्स यांच्या निवेदनात हे दोन शेवट एकमेकांशी झगडताना दिसतात, आणि बहुतेक वेळा हप्ता जिंकतो. अफगाणिस्तानात अधिकाऱ्यांनी त्यांना अडवून परत पाठविले. तेथून मोठा वळसा घेऊन, बोटीने कराचीला आणि रेल्वेने लाहोरला येऊन, ग्रँड ट्रंक रोडने ते कलकत्त्याकडे गेले. हा तुटलेला दुवा रूपाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सलग रेषा ही सायकलप्रवासाची मिथककथा. वास्तवात परवाना, सरहद्द आणि सत्ता यांनी ती जागोजाग तोडलेली असते. स्टीव्हन्स साम्राज्याच्या आत शिरताच निवेदनाचा स्वर सैलावतो, तो केवळ रस्ता चांगला होता म्हणून नव्हे.

डेर्व्हला मर्फी (१९३१-२०२२) यांनी हप्त्याऐवजी दैनंदिनी स्वीकारली. दहाव्या वाढदिवसाला मिळालेली सायकल आणि नकाशांचे पुस्तक यांतून जन्मलेला संकल्प त्यांनी जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातील त्या विलक्षण कडक हिवाळ्यात, आयर्लंडहून निघून अमलात आणला. जुलैत त्या दिल्लीला पोहोचल्या. ‘फुल टिल्ट’ (१९६५) हे पुस्तक दैनंदिनीच्या नोंदींचा घाट राखून आहे. सायकलीचे नाव रोझ, म्हणजे दोन किहोतेच्या रोसिनान्तेचे लघुरूप. आशियातील रस्त्यांवर टिकणार नाहीत म्हणून त्यांनी सायकलीचे गिअर काढून टाकले होते. या कृतीला वाङ्मयीन समांतर आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही : मर्फींचे गद्यही गिअर काढलेले आहे. चढ असेल तेथे वाक्य दमते आणि उतारावर सुटते. त्या नोंदी लिहिल्या गेल्या त्याच दिवशीच्या थकव्यात. पुढचा दिवस निवेदकाला ठाऊक नाही. प्रवासवर्णनातील निवेदक सहसा सारे संपल्यावर, सुरक्षित घरातून बोलतो, आणि त्यामुळे संकटाच्या वर्णनातही एक निश्चिंतता झिरपते. दैनंदिनीने ती निश्चिंतता हिरावून घेतली आहे. त्या प्रवासात मर्फींच्या बरगड्या मोडल्या त्या अफगाणिस्तानातील बसमध्ये, बंदुकीच्या दस्त्याच्या तडाख्याने. सायकलीवर नव्हे, हे विसरू नये.

मर्फींच्या या प्रवासातील अनेक रात्री चहाखान्यांत आणि अनोळखी माणसांच्या घरी गेल्या. येथे ‘एकाकी’ या विशेषणाची तपासणी करावी लागते. दिवसा स्वार एकटा असतो यात शंका नाही. पण मिखाइल बाख्तीन यांनी ‘वाट’ या स्थलकालबंधाविषयी जे सांगितले, की वाट ही भिन्न स्तरांतील माणसांच्या भेटीची जागा आहे, ते संध्याकाळी खरे ठरते. सहाच्या सुमारास एकाकीपण संपते आणि परवानगीचा प्रश्न सुरू होतो. कोणाच्या शेताच्या बांधावर, कोणाच्या नजरेत, कोणाच्या भरवशावर झोपावयाचे? १९२३ मध्ये मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी सायकलपटूंपैकी आदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये परतले. त्यांच्या ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ (१९३१) या इंग्रजी पुस्तकातील निवेदक ‘आम्ही’ हा आहे. ‘आम्ही’ला रात्री पहारा वाटून घेता येतो. ‘मी’ला तो कोणाकडून तरी मागावा लागतो, आणि म्हणूनच एकट्याच्या पुस्तकात यजमान अधिक ठळक असतात. एकटेपणाचे लेखन परक्या माणसांनी भरलेले असावे, हा या प्रकाराचा अंतर्विरोध आहे आणि त्याचे सामर्थ्यही.

ॲन मस्टो यांनी हा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सोडविला. मुख्याध्यापिकेचे पद सोडून १९८७ मध्ये त्या जगप्रवासाला निघाल्या. त्याची प्रेरणा, त्यांच्याच सांगण्यानुसार, भारतात बसमधून जाताना थरच्या वाळवंटात दिसलेला एकटा सायकलस्वार. म्हणजे शिव्हेलबुश यांची खिडकी येथे उलटी काम करते : काचेआडून दिसलेल्या चित्रात शिरण्याची इच्छा. परंतु तंबू त्यांना मुळीच रुचत नसे. ‘अ बाइक राइड’ (१९९१) मधील मुक्काम छपराखाली आहेत, आणि त्यामुळे त्या पुस्तकातला दिवस दाराशी पूर्ण होतो. तंबूवाल्याचा दिवस असा पूर्ण होत नाही. कापडापलीकडचा प्रत्येक आवाज, मग तो कुत्र्याचा असो वा ट्रॅक्टरचा, कथनात शिरतो. तंबू हे घर नव्हे, घराचे अवतरणचिन्ह आहे.

तंबू आणि सायकल यांची सांगड घालणारे टॉमस हायरम होल्डिंग व्यवसायाने शिंपी होते, ही गोष्ट बाजूला ठेवण्यासारखी नाही. वजन कमी करण्याचा प्रश्न त्यांनी कापडाच्या बाजूने सोडविला. १९०१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सायकल-छावणीकरांची संघटना निघाली. वाँटेज येथील पहिल्या छावणीला सहा जण होते. या छंदाच्या मुळाशी हौस आहे, गरज नव्हे. हौसेला जागा मात्र कायद्याकडून मिळवावी लागते. स्वीडनमध्ये सर्वांच्या संचाराचा परंपरागत हक्क १९९४ पासून राज्यघटनेत नमूद आहे. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने तो दिला. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळांपुरता १९८५ चा कायदा लोकांना पायी व घोड्यावरून, मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी, प्रवेश देतो. तंबूत झोपणे हा विरंगुळा आहे काय? २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने नाही म्हटले, जुलैत अपील न्यायालयाने होय म्हटले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो होकार कायम केला. अडीच वर्षे चाललेला हा वाद एका शब्दाच्या अर्थकक्षेविषयी होता. झोप ही क्रिया आहे की क्रियेचा अभाव, असा प्रश्न अर्थमीमांसेच्या वर्गातही अवघड ठरावा. (सायकलीचा त्या कलमात उल्लेख नाही, स्वाराने ती कोठे ठेवावी याविषयी कायदा मौन आहे.)

मराठी वाचकाला हा सारा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही, मात्र त्याच्याकडे त्यासाठी दुसरा शब्द आहे : पाल. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवावर संसार लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब दिवस मावळताना गावाबाहेर थांबते. येथेही दिवस हाच घटक आहे, येथेही अंतर शरीराने मोजले जाते, येथेही संध्याकाळचा प्रश्न परवानगीचा आहे. रूपाच्या पातळीवरील हे साम्य दचकविणारे आहे. परंतु तंबूवाला हा पाहुणा ठरतो, पालवाला संशयित. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधले. तो १९५२ मध्ये देशभर रद्द झाला तरी गावाची नजर रद्द झाली नाही. सायकलस्वाराच्या पुस्तकात ‘कोठून आलात?’ हा कुतूहलाचा प्रश्न असतो, आणि त्यातून एक प्रसंग, बहुधा एक जेवण, निर्माण होते. ‘उपरा’च्या जगात तोच प्रश्न चौकशीचा असतो. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ बोलणाऱ्याच्या शब्दांत नाहीत. ते ज्याला विचारले त्याच्या सामाजिक स्थानात आहेत. एकाकी सायकलप्रवासाची उत्तम पुस्तके हे अर्धवट ओळखतात. मर्फी यजमानांच्या गरिबीपुढे आपले पाहुणेपण वारंवार तपासतात. पण त्या प्रकाराची परिभाषा, म्हणजे स्वातंत्र्य, मोकळा रस्ता, स्वतःची गाठ, ही त्या पाहुणेपणावरच उभी आहे. उद्या सकाळी खुंट्या उपटून निघणे हा तेथे स्वेच्छेचा क्षण असतो; पालाच्या खुंट्या कोणाच्या सांगण्यावरून उपटल्या जातात, हे ‘उपरा’च्या वाचकाला सांगावे लागत नाही.