संमेलनाला जायचंय, पण कशासाठी?



साहित्य संमेलनाच्या तारखा जाहीर झाल्या की मराठीत दोन प्रकारचे लेखक दिसू लागतात. काहींना तिथे जायचं असतं, आणि काहींना आपण तिथे जात नाही हे चारचौघांत सांगायचं असतं. दुसऱ्या प्रकाराबद्दल आजवर भरपूर लिहून झालेलं आहे. बरंचसं त्यांनी स्वतःच लिहिलेलं आहे. आज आम्हाला बोलायचं आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल. तालुक्याच्या गावी मास्तरकी करणारा, पतपेढीत हिशेब लिहिणारा, शेती सांभाळून चार ओळी लिहिणारा, पदरचे पैसे घालून एखादा कवितासंग्रह काढलेला जो माणूस असतो ना, त्याच्याबद्दल. तो कविकट्ट्यासाठी आधीपासून कविता पाठवतो, निवड झाल्याचा निरोप येतो का याची वाट बघतो, रजा टाकतो, त्या गावात कुणी पाहुणेरावळे निघतात का ते शोधतो, नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयात सतरंजीवर आडवा होतो. एवढं सगळं कशासाठी? तर तीन-चार मिनिटं माइकसमोर उभं राहायला मिळावं म्हणून. २०२५ साली दिल्लीला ९८वं संमेलन भरलं, तेव्हा पुण्याहून निघालेल्या खास रेल्वेगाडीतसुद्धा मंडळी कविता म्हणत गेली. लोकांनी यावर विनोद केले. करू देत. आम्हाला त्या विनोदांमध्ये थोडा उद्दामपणा दिसतो, आणि त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी ही ओढ आहे तरी काय, ते बघू. प्रसिद्धीची हाव म्हणून ती निकालात काढता येते, पण मग एक गोष्ट उलगडत नाही. प्रसिद्धीचे याहून सोपे मार्ग गावात असतात. गणपतीत वर्गणी द्यावी, चौकात वाढदिवसाचा फलक लावावा. हा माणूस ते करत नाही. त्याला ठरावीक ठिकाणी, ठरावीक लोकांपुढे जायचं असतं.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात, अगदी सुरुवातीच्या भागात, मानसन्मानाचा विचार केलेला आहे. मान हेच जीवनाचं साध्य मानणारे लोक असतात, तर ते बरोबर आहे का? त्याचं म्हणणं असं की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हातात जास्त असतो, म्हणून ते साध्य फार उथळ आहे. इथवर आपल्याकडचा कुणीही कीर्तनकार सांगेल. पण ॲरिस्टॉटल पुढे जे म्हणतो ते बारकाईचं आहे. माणसं मानाच्या मागे लागतात ती आपण खरोखर चांगले आहोत याची खात्री पटावी म्हणून. आणि म्हणूनच त्यांना मान हवा असतो तो शहाण्यांकडून, ओळखणाऱ्यांकडून, आणि आपल्या अंगच्या गुणासाठी. हे तीन शब्द लक्षात ठेवा: शहाणे, ओळखणारे, गुणासाठी. संमेलनाच्या मांडवात आपल्याला ते पुन्हा लागणार आहेत.

आता लेखकाची अडचण बघा. सुताराने खुर्ची केली तर कुणीतरी तिच्यावर बसतं, आणि ती डुगडुगते की नाही हे तिथल्या तिथे कळतं. स्वयंपाक केला तर ताटात काय उरलं ते दिसतं. कवितेला अशी कसोटी नाही. ती लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही. बायको छान म्हणते, शाळेतले सहकारी छान म्हणतात, पण ते त्याला ओळखतात म्हणून छान म्हणतात, कवितेला ओळखतात म्हणून नव्हे. अशा माणसाला पन्नाशी आली तरी आपण कवी आहोत की नाही याचा निकाल मिळालेला नसतो. भवभूतीसारखा भवभूती, ‘मालतीमाधव’च्या प्रारंभी त्यालाही म्हणावं लागलं की आज नाही तर पुढे कधीतरी, कुठेतरी, माझा समानधर्मा जन्माला येईल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. हे वचन आपण अभिमानाचं म्हणून मिरवतो. आम्हाला मात्र त्यात एकटेपण जास्त ऐकू येतं. समोरच्या माणसांत कुणी नाही म्हणून तो न जन्मलेल्या माणसाशी बोलतो आहे. भवभूतीच्या अंगात तेवढी ताकद होती. जिंतूरच्या मास्तरांनी काय करावं? त्यांना समानधर्मा याच जन्मी हवा आहे, आणि पृथ्वी मोठी असली तरी एस.टी. जिथवर जाते तिथवरच त्यांना जाता येतं. म्हणून ते संमेलनाला जातात.

आता टिंगल करणाऱ्यांकडे वळू. भालचंद्र नेमाडे यांनी संमेलनांची खिल्ली सातत्याने उडवलेली आहे, आणि त्यांच्या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे हेही आम्ही मान्य करतो. शाल-श्रीफळं, राजकारण्यांची लगबग, स्वागताध्यक्षांची भाषणं, भोजनाच्या बेताच्या बातम्या, या सगळ्यांत साहित्य किती, हा प्रश्न रास्त आहे. परंतु नेमाड्यांची पिढी साठच्या दशकात लिहू लागली तेव्हा तिच्याभोवती काय होतं? अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, ‘वाचा’सारखी अनियतकालिकं, रात्र रात्र चालणारे वाद. एकमेकांचं लिहिलेलं कडकपणे वाचणारी आठ-दहा माणसं ज्याला विशीत भेटली, त्याला मांडवाची गरज कशाला पडेल? त्याचं संमेलन रोजच भरत होतं, फक्त त्याला अध्यक्ष नव्हता. ही मंडळी संमेलनाला गेली नाहीत ते त्यांच्या ताठ कण्यामुळे, असं आपण म्हणतो. थोडं कण्यामुळे असेल, पण पुष्कळसं पोट भरलेलं होतं म्हणून. जेवलेल्या माणसाने पंगतीत घुसणाऱ्याला हावरट म्हणू नये, एवढाच आमचा मुद्दा आहे.

कुणी जी. एं.चं नाव घेईल. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि सभा-समारंभांपासून कायम दूर राहिले. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं, तेही त्यांनी परत केलं. पण याच माणसाने जन्मभर पत्रं लिहिली! त्यांची निवडक पत्रं एका पुस्तकात मावली नाहीत, खंड काढावे लागले. सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांनीच एक मोठा खंड भरला. एवढी पत्रं कोण लिहितो? ज्याला समानधर्मा नको असतो तो? जी. एं.ना गर्दी नको होती. वाचणारा माणूस हवाच होता, आणि तो त्यांनी टपालाने मिळवला.

आणखी एक नाव हमखास पुढे येतं, बहिणाबाईंचं. त्या कुठे संमेलनाला गेल्या होत्या? खरं आहे, नव्हत्या गेल्या. पण त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात म्हटल्या गेल्या, तिथे ऐकणारी माणसं होती. आणि आपण आज त्यांचं नाव घेतो, ते सोपानदेव या त्यांच्या कवी मुलाने ती गाणी जपली, अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांनी ती वाचून महाराष्ट्रापुढे आणली म्हणून. पुस्तक निघालं १९५२ साली. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. ओळख पटवणारा माणूस भेटावाच लागतो. त्यांना तो घरातून भेटला. सगळ्यांना नाही भेटत.

म्हणजे संमेलनाला जाण्याची ओढ योग्यच ठरली, असं आम्ही म्हणतोय का? थांबा. ओढ योग्य आहे. संमेलन तिला उत्तर देतं का, हा निराळा प्रश्न, आणि तो पहिल्यांदा विचारला गेला त्याला आता १४० वर्षं होऊन गेली.

१८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांचा पुढाकार, अध्यक्ष रानडेच. शब्द लक्षात घ्या: ‘ग्रंथकार’ संमेलन. ‘साहित्य’ हा शब्द मागाहून आला. पुढचं संमेलन १८८५ मध्ये, तेही पुण्यात. त्याचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं आणि फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं; ‘ज्ञानोदया’त ते छापूनही आलं. हे पत्र बहुतेकांना माहीत आहे, पण आपण ते केवळ बहिष्काराचं पत्र म्हणून वाचतो. आम्हाला त्यात एका लेखकाचा प्रश्न दिसतो. फुले तोवर ‘गुलामगिरी’चे लेखक होते, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झालेला होता. त्यांना ओळख नको होती असं कोण म्हणेल? १८५५ साली लिहिलेलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं आणि कमिटीने ते नाकारलं होतं. म्हणजे दार ठोठावून झालेलं होतं. तीस वर्षांनी त्याच शहरातून बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी विचारलं ते थोडक्यात असं: जे सर्व माणसांचे माणूस म्हणून असलेले हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेला आणि पुस्तकांना आमची वेदना कळणार कशी?

आता ॲरिस्टॉटलचे तीन शब्द आठवा. मान ओळखणाऱ्यांकडून हवा. फुले म्हणतात, तुम्ही आम्हाला ओळखतच नाही, मग तुमच्या मांडवात बसून माझी कशाची खात्री पटणार? हा रुसवा नव्हे. देणाऱ्याची पात्रता तपासल्याशिवाय मान घेणं म्हणजे आपल्या लेखनाचा निकाल चुकीच्या न्यायालयात मागणं आहे, हे त्यांना ॲरिस्टॉटल न वाचता कळलं होतं. (वाचला असता तर गुलामांविषयीचं त्याचं म्हणणं पाहून त्यालाही एक खरमरीत पत्र गेलं असतं, ते सोडा.) पुढे १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. ‘फकिरा’ आला तो त्यानंतरच्या वर्षी. फुल्यांच्या नकाराचं हे होकारार्थी रूप होतं. संमेलनाची ओढ सोडायची नाही, ओळखणारी माणसं कुठे आहेत ते बघून तिथे मांडव घालायचा.

तर आता आपल्या मास्तरांबरोबर कविकट्ट्यावर जाऊ. मुख्य मांडवाचं आम्ही फार बोलणार नाही. तिथे मान देणारा बहुधा पुढारी असतो, त्याने पुस्तक वाचलेलं नसतं, आणि अध्यक्षपदासाठी वर्षानुवर्षं हजारभर मतदारांच्या ज्या निवडणुका झाल्या त्यांच्याविषयी बोलावं तितकं थोडं. १९७५ साली कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत आणीबाणीत निर्भयपणे बोलल्या. २०१९ साली यवतमाळला नयनतारा सहगल यांना बोलावून पुन्हा येऊ नका म्हटलं गेलं. मुख्य मांडवाची उंची आणि खोली, दोन्ही या दोन नावांत मोजता येतात.

कविकट्टा मात्र लेखकांचा स्वतःचा. तिथे पुढारी नसतो, समोर बसलेले बहुतेक सगळे कवीच. म्हणजे समानधर्मा भेटायचा तर इथेच भेटला पाहिजे. आम्ही अशा कट्ट्यांवर बरेच तास बसलेलो आहोत, श्रोता म्हणून. काय होतं सांगतो. नाव पुकारलं जातं, कवी येतो, कविता म्हणतो, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल मिळतं, मोबाइलवर फोटो निघतो. आणि मग तो उतरतो आणि जातो. पुस्तकांच्या दालनाकडे, जेवणाकडे, गाडीला उशीर होईल म्हणून स्टेशनकडे. उरलेले बसलेले असतात ते आपलं नाव येईपर्यंत. त्यांचे ओठ हलत असतात, कारण ते मनात आपली कविता घोकत असतात. संध्याकाळच्या शेवटच्या कवीला ऐकायला निवेदक आणि सतरंज्या उचलणारी पोरं.

हेगेलने ओळखीची जी मीमांसा केली तिचं मर्म इथे सापडतं. दुसऱ्याने आपल्याला मान्यता द्यावी असं वाटतं, पण ज्याला आपण स्वतः मान्यता देत नाही त्याने दिलेल्या मान्यतेला किंमत उरत नाही. धन्याला दासाची सलामी पुरत नाही ती याचसाठी. कविकट्ट्यावर तर सगळेच धनी. ज्याची कविता आपण ऐकलीच नाही, त्याच्या टाळ्यांनी आपण कवी असल्याची खात्री कशी पटणार? मास्तर घरी जातात, प्रमाणपत्राला चौकट करून दिवाणखान्यात लावतात, आणि प्रश्न होता तिथेच असतो. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कविता पाठवतात.

टिंगल करायची तर या बिंदूवर करावी, आणि ती एकट्या मास्तरांची होऊ नये. जो थोर लेखक उद्घाटनानंतर मोटारीत बसून निघून जातो तो हेच करत असतो, मोठ्या प्रमाणात. आम्हाला विचाराल तर अगदी साधी व्यवस्था सुचवू. कविकट्ट्यावर एका वेळी वीसच कवी बोलवावेत, सकाळी विसांनी यायचं आणि विसाव्यापर्यंत थांबायचं. प्रत्येकाने आदल्या कवीच्या एखाद्या ओळीविषयी दोन वाक्यं बोलल्याशिवाय आपली कविता सुरू करायची नाही. एका जिल्हा संमेलनाच्या आयोजकांना आम्ही हे सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, “सर, मग येणार कोण?” दीडशे नावं आली होती, आणि दीडशे नावं म्हणजे दीडशे नोंदणी शुल्कं, हाही हिशेब त्यांच्या बोलण्यात होता. तरी आम्हाला वाटतं की वीस येतील. तशी वीस माणसं तालुक्याच्या वाचनालयातही जमतात, त्यासाठी दिल्लीची गाडी धरावी लागत नाही.

वेळ झाली आहे. फुल्यांच्या पत्राविषयी दोन चिठ्ठ्या आलेल्या दिसतात, त्या आधी घेऊ.