समुद्रातून वर आलेलं शिदेन-काई

दुसऱ्या महायुद्धातल्या दुर्मीळ लढाऊ विमानांचा माग काढणाऱ्यांच्या यादीत शिदेन-काईपुढे आकडा असतो तो चार. जपानी नौदलासाठी कावानिशी कंपनीने ही विमानं सुमारे ४०० बनवली. युद्ध संपल्यावर बहुतेकांची मोडतोड झाली. चाचणीसाठी अमेरिकेत नेलेल्यांपैकी तीन टिकली: एक डेटनच्या हवाई दल संग्रहालयात, एक पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आणि एक स्मिथसोनियनकडे. चौथं जपानमध्ये आहे, शिकोकू बेटाच्या नैर्ऋत्येला, एहिमे प्रांतातल्या आइनान इथे. ते समुद्राच्या तळातून वर काढलेलं आहे. चौघांमध्ये सगळ्यात जास्त वेळ देऊन वाचावं असं हेच, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकेतल्या तिघांचं मोल कमी नाही. हे यंत्र काय होतं ते त्यांच्यावरून नीट कळतं. पाण्यावर उतरणाऱ्या एका लढाऊ विमानापासून कावानिशीने जमिनीवरून उडणारं शिदेन तयार केलं. त्याचे पंख धडाच्या मध्यावर होते, त्यामुळे चाकांचे पाय लांबलचक करावे लागले आणि तेच पाय सतत दगा देत. ‘काई’ म्हणजे सुधारित आवृत्तीत पंख खाली आणले, पाय आखूड झाले, सुट्या भागांची संख्याही पुष्कळ घटली. चार तोफा, १८ सिलिंडरचं होमारे इंजिन आणि एक फार देखणी युक्ती: विमानाचा वेग आणि वळणात पडणारा ताण पाऱ्याच्या नळीने मोजून पंखाच्या मागच्या झडपा आपोआप उघडत-मिटत. ऐन झुंजीत वैमानिकाचा हात त्या कामात अडकत नसे. डेटनचं विमान नव्यासारखं केलेलं आहे आणि ही रचना त्याच्यावर स्वच्छ दिसते. पण ते कुठून उडालं, कसं उतरलं, याचा मागमूस त्या गुळगुळीत पत्र्यावर उरलेला नाही.

आइनानचं विमान नोव्हेंबर १९७८ मध्ये एका पाणबुड्याला हिसायोशी खाडीत सुमारे ४० मीटर खोल सापडलं आणि जुलै १९७९ मध्ये वर काढलं गेलं. तेहतीस-चौतीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेला पत्रा ठिकठिकाणी खाल्ला गेला आहे. साफसफाई, जपण्यापुरती डागडुजी आणि वरून रंग, एवढंच त्याच्यावर केलं. ज्यांनी इथेच हात आवरता घेतला त्यांचे आपण ऋणी आहोत. कारण नुसत्या छायाचित्रांत पाहतानाही नजर जिथे अडते तो नाकावरचा पंखा त्यांनी होता तसा ठेवला. त्याला चार पाती आहेत आणि चारही मागच्या बाजूला वळली आहेत, ऊन लागून मलूल झालेल्या पाकळ्यांसारखी.

ही वळणं सावकाश वाचावीत. पंखा थांबलेला असता तर पाण्याचा मार फक्त खालच्या पात्यांना बसला असता. चारही पाती वाकली, म्हणजे पाण्याला टेकताना पंखा फिरत होता. इंजिन पूर्ण जोरात असतं तर पात्यांची टोकं सहसा पुढे ओढली जातात; इथे ती मागे गेली आहेत. म्हणजे जोर गेलेला होता किंवा फारच थोडा उरला होता, आणि पंखा मुख्यतः समोरच्या वाऱ्यावर फिरत होता. आता नजर मागे न्यावी. पंख जागेवर आहेत, धड मोडलेलं नाही. नाक आधी आपटलं असतं किंवा एक पंख आधी बुडला असता, तर असं अखंड विमान तळाशी गेलंच नसतं. जोर गमावलेलं जड लढाऊ विमान कोणीतरी शेवटपर्यंत सपाट धरलं, वेग कमी करत आणलं आणि खाडीच्या पाण्यावर टेकवलं. ही कारागिरी आहे आणि तिचा पुरावा धातूत उमटलेला आहे. मी पाहिलेल्या कुठल्याही चकचकीत विमानाने मला इतकं सांगितलेलं नाही.

तो दिवस २४ जुलै १९४५ असल्याचं मानलं जातं. अमेरिकी विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांनी त्या दिवशी कुरेच्या नौदल तळावर मोठा हल्ला चढवला. त्यांना गाठायला क्यूशूवरच्या ओमुरा तळावरून ३४३व्या हवाई तुकडीची शिदेन-काई विमानं उडाली. पर्ल हार्बर हल्ल्याच्या आखणीत ज्याचा हात होता त्या मिनोरू गेंदाची ही तुकडी. शिकोकू आणि क्यूशूच्या मधल्या बुंगो सामुद्रधुनीवर झुंज झाली आणि सहा विमानं परतली नाहीत. जपानने शरणागती जाहीर केली ती १५ ऑगस्टला. तीन आठवडेच मध्ये होते.

सहांपैकी हे कोणाचं, ते ठरलेलं नाही. विमानात ओळख पटवणारं काही मिळालं नाही. न परतलेल्यांमध्ये ताकाशी ओशिबुचीसारखा तुकडीप्रमुख होता आणि कानेयोशी मुतोसारखा नावाजलेला लढवय्याही होता. इतकं सफाईदार उतरणं पाहून अनेकांच्या ओठांवर मुतोचं नाव येतं. तो मोह मला समजतो, पण तर्क मान्य नाही. पात्यांचा बाक विमान कसं उतरलं ते सांगतो, कोणी उतरवलं ते सांगत नाही. बाकीच्यांपैकी कोणालाही, ज्यांची नावं आज फक्त घरच्यांना आणि अभ्यासकांना ठाऊक आहेत, त्या दिवशी हे साधलं असेल. आइनानच्या दालनात सहाही जणांची छायाचित्रं एकत्र लावलेली आहेत. कोणाही एकाला मोठं स्थान न देता केलेली ती मांडणी हाती असलेल्या पुराव्याशी प्रामाणिक आहे.