ग्रामजीवनाच्या संग्रहालयात काय राहून जातं?

जुनी शेतीची अवजारं जपावीत, याबद्दल आज कुणाचं दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो ती ज्या रीतीनं मांडली जातात त्यावर.

कोल्हापूरजवळचं कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. बलुतेदार, शेतातली कामं, घरातली कामं, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय. मेहनत मोठी आहे. शहरातली मुलं तिथे रमतात, हेही कमी नाही. पण सगळी मांडणी स्वयंपूर्ण, समाधानी गावाच्या कल्पनेवर उभी आहे, आणि इथेच आमचं अडतं.

मोट घ्या. कातड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. मोटेला जाड नाडा, सोंडेला बारीक सोल. या दोन दोरांची लांबी अशी जुळवलेली असते की मोट वर येईपर्यंत सोंड दुमडून उभी राहते आणि पाणी सांडत नाही. बैल धावेवरून उतरतात, मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटाला लागतं. मग बैल उलट्या पावली मागे आणायचे. भिंतीला टांगलेल्या मोटेत यातलं काय दिसणार? नुसतं वाळलेलं कातडं!

आता हे कातडं आलं कुठून? मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, मोट शिवायची चांभारांनी, नाडा वळायचा मातंगांनी. या हातांवाचून मळा भिजत नव्हता. आणि याच माणसांना गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तेव्हा राज्यभर विहिरींवर मोटा चालूच होत्या. मोटेशेजारच्या पाटीवर एवढी दोन वाक्यं लिहिली, तर संग्रहालयाचं काय बिघडेल?

कुणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरता? पण त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा आहे. त्यांचा कल कुणब्याकडे, बलुतेदारांवर ते पुरेसे कडकही आहेत. तरी बलुत्यावरची कुरकुर त्यांनी लपवली नाही. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आजच्या देखाव्यापेक्षा मोकळं बोलतं, हे आम्हाला चमत्कारिक वाटतं.

लोखंडी नांगराचं नशीब बरं. किर्लोस्करांचा नांगर १९०३ सालचा, लोखंडानं जमीन विषारी होईल अशी भीती तेव्हा लोकांना होती, हे सगळं नोंदलेलं आहे. लाकडी तिफणीला मात्र ना साल, ना सुताराचं नाव. तिफण जपली तरी चाड्यावर मूठ धरायचं कसब जात राहतं. तिन्ही नळ्यांत बी सारखं पडावं म्हणून मूठ किती सैल सोडायची, हे पुष्कळ ठिकाणी बाईच्या हाताला ठाऊक होतं. ते लाकडात कुठून उतरणार?

म्हणून नवा पुतळा घडवण्याआधी कॅमेरा घ्या. इंजिनं आणि विजेचे पंप आल्यावर मोट थांबली. ती हाकलेली माणसं आता म्हातारी झालीत. त्यांना मोट हाकताना काय म्हणायचात ते विचाराच. पण नाडा कुणी वळून दिला होता, त्याला सुगीला किती पेंढ्या दिल्या, आणि त्याला तहान लागली की पाणी कोण, कसं वाढायचं, हेही विचारा.