गोधडीचे थर कोणी मोजले?

दिवाळी अंकांतल्या कवितांच्या पानांवर गोधडी आली नाही असे वर्ष मला आठवत नाही. गोधडी आली की पाठोपाठ आई येते, आईच्या मागून माया आणि मायेच्या मागून ऊब. हा क्रम इतका ठरून गेला आहे की पहिली ओळ वाचून शेवटची सांगता यावी. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका स्थानिक अंकात मीही असाच लेख लिहिला होता आणि 'मायेची ऊब' हे शब्द त्यात चार वेळा आले होते. पारोळ्याच्या मावशीला तो मोठ्या हौसेने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "थर कितला शेतस, हाई लिखं का भाऊ तू?"

थर किती आहेत हे मी लिहिले नव्हते. मला ते ठाऊकच नव्हते. ज्या गोधडीवर लेख होता ती मावशीनेच माझ्या मुलीच्या पहिल्या दिवाळीला शिवून पाठवली होती, आणि मी तिच्यावर बाराशे शब्द लिहिले होते.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. धुळ्यात राहून, नोकरी सांभाळून जे हाती लागले ते वाचत आलो. पण मावशीच्या त्या एका प्रश्नाने माझ्या वाचनाची दिशा बदलली. घरच्यांसाठी हाताने केलेल्या वस्तूकडे आपले साहित्य कसे पाहते आणि आपली समीक्षा कसे पाहते, हे मी तपासू लागलो. या दोन पाहण्यांत बरेच अंतर आहे असे माझे मत झाले. मूळ लेखन वस्तूपाशी थांबते. आपण वाचणारे मात्र घाईने भावनेवर उडी मारतो.

उदाहरण आमच्याच खानदेशातले घेऊ. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्यात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करता करता सुचलेली गाणी सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी टिपून ठेवली म्हणून राहिली, आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांची सुगरणीच्या खोप्याची कविता मला शाळेत मातृप्रेमाची कविता म्हणून शिकवली गेली. ती आता पुन्हा वाचा. पिलांचा जिव्हाळा आरंभी येतो, तो खराच आहे. पण कविता तिथे थांबत नाही. पुढे ती विणीकडे वळते. त्या विणीला उपमा मिळते ती परसातल्या वाळक्या गिलक्याच्या जाळीची. गिलके सोलून ती जाळी ज्याने हातात घेतली आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. मग कारागिरीचे नाव घेऊन माणसाला 'बघ' म्हणून सांगितले जाते, आणि शेवटी हत्यार येते: पक्ष्याजवळ एवढीशी चोच, माणसाजवळ दोन हात आणि दहा बोटे. म्हणजे कवितेचा मोठा भाग वीण, कसब आणि साधन यांच्याबद्दल आहे. आम्हाला परीक्षेत प्रश्न येई तो वात्सल्याचा.

(जाता जाता: पक्षिशास्त्र सांगते की सुगरणीचा खोपा नर विणतो, मादी अर्धवट झालेली वीण पाहते आणि पसंत पडली तरच त्या घरात येते. बहिणाबाईंच्या कवितेतला नर अगदीच बावळट आहे. तिथे त्यांचे निरीक्षण चुकले असे म्हणण्यापेक्षा, घर कोण विणते याचा त्यांचा अनुभव माणसांच्या घरातला होता असे मी म्हणेन.)

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, म्हणून खानदेश त्यांना आपले मानतो. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गोष्ट कोकणातली आहे. त्यात श्याम गणपतीच्या सणाला धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून नेतो. कोट शिंप्याने शिवलेला आहे, श्यामने नव्हे. तरी सणाला घरच्या माणसाला दिलेल्या भेटीचा हा आपल्याकडचा एक प्रामाणिक आलेख आहे. भावाचा कोट फाटका होता, खाऊला मिळालेले पैसे साठवले, कापड घेतले, शिवून घेतले, हे सगळे त्यात येते. आणि कोट पाहिल्यावर आईचा पहिला प्रश्न असतो तो पैसे कुठून आणले याचा. कौतुक त्यानंतर. या आईला हळवी म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. भेट कशातून आली याचा हिशेब लागल्याशिवाय ती तिचा स्वीकार करत नाही. माझ्या मावशीचा प्रश्न याच जातीचा होता.

मग एका उन्हाळ्यात मी मावशीजवळ जाऊन बसलो. आमच्याकडे गोधड्या चैत्र-वैशाखात शिवायला घेतात. शेतीची कामे हातावेगळी झालेली असतात, आखाजीला लेकी माहेरी येतात, हात वाढतात. ओसरीवर कपडे अंथरून, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवून ताणून घेतात. शिवण बाहेरून आत जाते: चारी कडांनी एक फेरी, तिच्या आत दुसरी, असे करत मध्यावर यायचे. टाका साधा धावदोऱ्याचाच. आखाजीला शिवलेली गोधडी लगेच लेकीबरोबर जाते, नाहीतर पेटीत राहून दिवाळीला. माझ्या मुलीची पेटीत राहिली होती.

तिचे थर मावशीने बोट घालून मला मोजायला लावले. पाच निघाले. वर मावशीचे स्वतःचे लुगडे, खाली काकांचे धोतर. आतल्या तीन थरांत एक आजीचे, एक शेजारणीने दिलेले, आणि अगदी मधले माझ्या आईचे. आई गेल्यावर तिची लुगडी बहिणींनी वाटून घेतली होती. त्यातले हे एक. ते मध्ये का, असे मी विचारले. विरलेले कापड मध्ये घालतात, वरखाली दणकट लागते, असे साधे उत्तर मिळाले. वापरून मऊ झालेले सुती कापड आत असले की गोधडी अंगाला चिकटून बसते, हेही तिनेच सांगितले.

माझ्या त्या लेखात आईची माया होती. आईचे लुगडे नव्हते. ते हातभर अंतरावर होते आणि मी वरचा थर पाहून लेख संपवला होता.

त्या रात्री मी मोजमाप घेतले. लांबी सहा फूट, रुंदी चार फूट, दोन फेऱ्यांमधले अंतर अर्धा इंच, इंचाला चार टाके. म्हणजे एकूण ५७६ फूट शिवण आणि २७,६४८ टाके. मावशीला आकडा सांगितला तेव्हा ती हसली आणि दोरा किती लागला ते विचारले.

आता तुलनेसाठी बंगालकडे पाहू. तिथली कांथा म्हणजे गोधडीची सख्खी बहीण: जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि धावदोरा. पण जसीमउद्दीन यांनी १९२९ साली 'नक्षी काँथार माठ' हे आख्यानकाव्य लिहिले, ज्यातली साजू आपली कहाणीच कांथेवर शिवते आणि मेल्यावर ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते. गुरुसदय दत्त यांनी खेड्यांतून कांथा गोळा केल्या. स्टेला क्रामरिश यांनी १९३९मध्ये त्यांवर निबंध लिहिला. कांथेवर चित्रे असतात आणि गोधडीवर बहुधा नसतात, म्हणून अभ्यासक तिकडे गेले, हे स्पष्टीकरण मला अर्धेच पटते. दुसरा अर्धा भाग असा की आपण गोधडीला लवकर रूपक करून टाकले. एकदा 'ऊब' म्हटले की पुढे विचारायला काही उरत नाही. गंमत म्हणजे 'कंथा' हा शब्द मराठीला परका नाही. जोग्याच्या, नाथपंथी साधूच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्राला आपण कंथा म्हणतो आणि त्यात वैराग्याचा अर्थ शोधतो. पुरुषाने पांघरली तर तत्त्वज्ञान, बाईने शिवली तर माया.

आमच्या धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७पासून आहे. जुनी कागदपत्रे ज्या कापडात बांधून ठेवतात त्या बासनाला दफ्तराच्या भाषेत 'रुमाल' म्हणतात. आतला प्रत्येक चिटोरा आपण इतिहास मानला. वरचे कापड झटकून ठेवून दिले.

आता उशीरही होत चालला आहे, आणि त्याचे कारण भावनिक नाही. खानदेश कापसाचा मुलूख. पण गोधडीला लागणारे जुने सुती कापड घराघरांतून संपले आहे. साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. मावशीच्या भाषेत त्या 'सरकतात': थरावर थर बसत नाही, घाम शोषत नाहीत, आणि विरून मऊ होण्याऐवजी फाटतात. हल्ली विकत मिळणारी गोधडी बऱ्याचदा नव्या कापडाची आणि मशीनच्या शिवणीची असते. ती वाईट नाही, पण तिच्या आत कोणाचे काय आहे हा प्रश्नच येत नाही.

थर मोजल्यावर मला ती गोधडी कपाटात ठेवावीशी वाटू लागली. ॲलिस वॉकर यांची १९७३मधली 'एव्हरीडे यूज' ही कथा मी त्यानंतर वाचली. त्यात शिकून आलेली मुलगी घरच्या गोधड्या भिंतीवर टांगायला मागते आणि आई त्या हिसकावून घेऊन दुसऱ्या मुलीला देते, जी त्या रोज वापरून फाडणार आहे. त्या शिकलेल्या मुलीच्या जागी मी मला अगदी सहज पाहू शकलो. मावशीला ही कथा सांगितली तेव्हा, मग फाटल्यावर ती शिवायला येते ना त्या पोरीला, एवढेच तिने विचारले. कथेत याचे उत्तर आहे. त्या पोरीला शिवता येते.

माझी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा गोधडी घेऊन गेली. गेल्या दिवाळीला परत आली तेव्हा एक कोपरा उसवलेला होता आणि आतले कापड बाहेर डोकावत होते. मावशी आता नाही. भाऊबीजेच्या दुपारी मी सुईत दोरा ओवायला बसलो; तो तिसऱ्या खेपेला गेला. मुलगी समोर बसून गोधडी ताणून धरत होती. तिने उसवल्या जागी बोट घातले आणि विचारले, "बाबा, हे मधलं कोणाचं?"