तुडवल्यानंतर : एंडो यांच्या ‘मौन’ कादंबरीविषयी

शुसाकू एंडो यांची ‘चिनमोकु’ म्हणजे ‘मौन’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. ‘सायलेन्स’ हे तिचे इंग्रजी भाषांतर १९६९ मध्ये आले आणि २०१६ च्या चित्रपटाने तिला नवे वाचक मिळवून दिले. तिच्याविषयी आपल्यांत सामान्यतः दोन मते ऐकू येतात. श्रद्धात्यागाला पुण्याचा मुलामा देणारे पुस्तक म्हणून वडीलधारे धर्मगुरू ते बाजूला सारतात. तरुण मंडळी तिच्यातील अखेरच्या निर्णयाला ख्रिस्तप्रेमाची पराकाष्ठा मानतात. माझ्या मते दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी अडखळतात : दोघांचीही दृष्टी एका धर्मगुरूच्या एका पावलावर खिळून राहिली आहे.

फादर रॉड्रिग्ज लिस्बनहून गोवा व मकाव या मार्गाने जपानला पोहोचतो. आपले गुरू फरेरा यांनी श्रद्धा सोडली, ही वार्ता त्याला पटत नाही. पुढे तोही पकडला जातो. कोठडीत रात्री त्याला पहारेकऱ्याचे घोरणे ऐकू येते. वस्तुतः ते खड्ड्यात उलट्या टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे असते. त्यांनी केव्हाच श्रद्धा नाकारलेली आहे, तरी फादरने ख्रिस्तप्रतिमेवर पाय ठेवल्याखेरीज त्यांची सुटका नाही. प्रतिमेतील ख्रिस्तच त्याला तुडवण्यास सांगतो, आणि दूर कोंबडा आरवतो. हा कोंबडा जो विसरला त्याने कादंबरी अर्धीच वाचली. पेत्राच्या नकाराची आठवण ऐन त्या क्षणी देणारा लेखक ती कृती निष्पाप ठरवीत आहे, असे कसे म्हणावे? शिवाय शेवटी एका अधिकाऱ्याच्या रोजनिशीचे रूक्ष परिशिष्ट आहे. बहुतेक वाचक ते गाळतात. त्यात रॉड्रिग्जकडून पुन्हा नकारपत्र लिहून घेतल्याची नोंद आहे. ज्याची श्रद्धा पुरती संपली त्याच्याकडून दुसऱ्यांदा नकार कशासाठी घ्यावा लागतो?

येथवर मी एंडो यांच्या बाजूचा आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. मोकिची व इचिझो हे गावकरी प्रतिमेवर पाय ठेवतात, परंतु क्रूसावर थुंकण्यास कचरतात आणि समुद्रातील खांबांना बांधले जाऊन मरण पावतात. त्यांचा मृत्यू आपण पाहतो तो फादरच्या डोळ्यांनी, आणि तो फादरच्या मनातील प्रश्नाला खतपाणी घालण्यासाठी येतो. हे लोक रोज कसे जगले, पाय ठेवून घरी परतल्यावर त्यांनी काय केले, याविषयी कादंबरी फारशी बोलत नाही. ख्रिस्ताचे बीज जपानच्या दलदलीत रुजत नाही, हे फरेरांचे म्हणणे म्हणूनच तिच्यात एवढे भारदस्त वाटते.

इतिहास मात्र बोलतो. १६०३ साली, म्हणजे १६१४ च्या सार्वत्रिक बंदीपूर्वीच, जपानी भाषेत पश्चात्तापावरील एक लहान पुस्तिका निघाली होती. धर्मगुरू उपलब्ध नसेल तर परिपूर्ण पश्चात्ताप कसा करावा, हे तीत शिकवले होते. ही शिकवण ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताला धरूनच होती. गुप्त ख्रिस्ती लोकांनी ती पुस्तिका पिढ्यान्‌पिढ्या जपली. अधिकाऱ्यांपुढे प्रतिमा तुडवून घरी आल्यावर ते तीतील पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्यांनी आपल्या कृतीला प्रेम म्हटले नाही आणि तिच्यापायी ख्रिस्तालाही सोडले नाही. अंतापर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे, त्याची पूर्ण खात्री कोणी स्वतःस देऊ नये, असे ट्रेंटने १५४७ मध्ये सांगितले. ते वाक्य आपण सेमिनरीत पाठ करतो. त्या कोळ्या-शेतकऱ्यांनी ते दरवर्षी नव्याने अनुभवले.

स्नानसंस्कार देणारा एक, सणवारांची दिनदर्शिका सांभाळणारा दुसरा, अशी कामे त्या प्रापंचिकांनी आपसांत वाटून घेतली होती. फादर पेतिजाँ यांच्यापुढे १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा मंदिरात उराकामीचे काही गावकरी येऊन उभे राहिले. आपले अंतःकरण तुमच्यासारखेच आहे असे त्यांनी सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. त्यानंतरही तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली, सहाशेहून अधिक मरण पावले. बंदी उठली ती १८७३ साली. सर्वच गुप्त ख्रिस्ती ख्रिस्तसभेत परतले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

फरेरांची गोष्टही एकट्याची नाही. ऑक्टोबर १६३३ मध्ये त्यांच्यासमवेत जपानी येशूसंघीय धर्मगुरू जुलियान नाकाउरा यांनाही खड्ड्यात टांगले होते. किशोरवयात युरोपला जाणाऱ्या शिष्टमंडळातून त्यांनी गोव्याची भूमी पाहिली होती. फरेरा सुमारे पाच तासांनी खचले. नाकाउरा तिसऱ्या दिवशी मरण पावले आणि २००८ साली धन्यवादित घोषित झाले. दोघांमधील अंतर कशाने पडले, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

ही कादंबरी विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेऊ नये. परिशिष्टासह ती वाचू द्यावी, आणि तिच्याबरोबर १६०३ च्या त्या पुस्तिकेवर एक तास घ्यावा. तो तास धर्मशिक्षकांनी घेतला तर अधिक बरे. महिन्यातून एकदाच मिस्सा होणारी गावे कोण सांभाळते, ते त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक आहे.