बदललेले स्पेलिंग, तीच मैत्रीण

ॲनोरेक्सिया हा आजार आहे. ‘आना’ ही मैत्रीण आहे. या आजाराचे गोडवे गाणाऱ्या इंटरनेटवरील गटांनी त्याच्या नावाचे असे लाडके रूप केले, बुलिमियाची ‘मिया’ झाली, आणि त्यातून एक लेखनप्रकारच रूढ झाला: आनाचे पत्र. साहित्याची अभ्यासक म्हणून मला हा प्रकार टाळून पुढे जाता येत नाही.

या पत्रात आजार बोलतो. तो मुलीला ‘तू’ म्हणतो, माझ्याशिवाय तुला कुणी समजून घेत नाही असे सांगतो, माया करतो आणि त्याच दमात धाक घालतो. अचेतनाशी बोलणे मराठी वाचकाला नवे नाही. जात्यावर बसलेली बाई जात्याशी बोलते, मनातले सारे त्याच्यापुढे ओतते. पण तिथे बोलणारी बाई असते आणि ऐकणारा दगड. इथे दगडच बोलतो आहे, मुलगी निमूट ऐकते आहे. मला या लेखनातले सर्वांत भीषण हेच वाटते. हाडे दाखवणारी छायाचित्रे त्यानंतरची.

समाजमाध्यमांनी मात्र शब्द पकडले. 2012 मध्ये इन्स्टाग्रामने असे काही हॅशटॅग शोधता येणार नाहीत अशी व्यवस्था केली. पुढे काय झाले ते स्टीव्ही चॅन्सेलर आणि जॉर्जिया टेकमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 च्या निबंधात दाखवले आहे. 2011 ते 2014 मधल्या सुमारे 25 लाख पोस्ट त्यांनी तपासल्या. बंदी येताच स्पेलिंग मोडले: कुठे अक्षर वाढले, कुठे गळले, आणि काळागणिक ही रूपे अधिकच वेडीवाकडी होत गेली. त्यांच्याभोवतीचा सहभाग तर 15 ते 30 टक्क्यांनी जास्त आढळला. शाळेत ‘च’च्या भाषेत बोलणाऱ्यांना याचे नवल वाटू नये, चोरट्या भाषेने टोळी घट्टच होते. निबंध मोलाचा आहे. तरी माझी एक तक्रार उरतेच. त्याची नजर टॅगवर आहे, पत्रातल्या त्या ‘तू’वर नाही.

आणि तो ‘तू’ आपल्याकडे उघड्यावर वावरतो. ‘खात्यापित्या घरची दिसतेस’ हे एके काळी कौतुक होते, आता टोमणा झाला आहे. कौतुकाची जागा ‘बारीक’ने घेतली. मागल्या वर्षी भाचीच्या फोटोखाली मीच लिहिले होते, ‘अगं, किती बारीक झालीस! मस्तच!’ ती तेव्हा जेवण चुकवत होती, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या त्या ओळीत बंदी घालावी असा एकही शब्द नाही. शुद्धलेखनही बिनचूक आहे.

उपचार सुरू झाल्यावर एकदा ती सहज बोलून गेली, “मावशी, जेवायची वेळ झाली की मी तुझी कॉमेंट उघडून वाचायचे.”