दत्तक गांव आणि विद्यापीठें

जुन्या दप्तरांतील दत्तकपत्रें चाळणाऱ्यांस दत्तक या शब्दाचा अर्थ नव्यानें सांगावयास नको. मूल एका घरांतून दुसऱ्या घरांत येतें, त्याचें गोत्र बदलतें, आणि नव्या घरच्या जिंदगींत त्याचा हक्क उत्पन्न होतो. वतन असल्यास सरकारांत नजर भरून तो हक्क पक्का करून घ्यावा लागे. आज आमचीं विद्यापीठें व महाविद्यालयें खेडीं दत्तक घेतात. राष्ट्रीय सेवा योजना इ. स. १९६९ पासून चालू आहे. उन्नत भारत अभियान इ. स. २०१४ मध्यें सुरू झालें, व त्यांत भाग घेणाऱ्या संस्थेनें पांच गांवें तरी आपल्याकडे घ्यावीं अशी अपेक्षा आहे. या दत्तविधानानें गांवास नेमका कोणता वांटा मिळतो, हा प्रश्न आम्ही येथें एका जिल्ह्यापुरता तपासणार आहों. तो जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे इ. स. २०२४ पर्यंतचा अहमदनगर.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाविषयीं (स्थापना १९६८) फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तेथें वांटा उघड दिसतो. अमेरिकेत इ. स. १८६२ च्या कायद्यानें जमिनी देऊन जीं कृषि महाविद्यालयें निर्माण झालीं, त्यांच्या धर्तीवर आमचीं कृषि विद्यापीठें उभारलीं गेलीं. अध्यापन, संशोधन व विस्तार हीं तिन्ही कामें त्यांच्या मूळ सनदेंतच आहेत. राहुरीचें ज्ञान 'कृषिदर्शनी'च्या रूपानें मराठींत छापून येतें, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांस खेड्यांत कार्यानुभव घ्यावा लागतो. शेतकऱ्यास बियाणें हातांत घेऊन पारखतां येतें; वाण फसला तर तो तसें तोंडावर सांगतो. विद्येची अशी रोकडी परीक्षा इतर शाखांच्या वांट्यास येत नाहीं, हें त्या शाखांचें दुर्दैवच.

दुसरें उदाहरण धनंजयराव गाडगीळांचें. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची त्यांची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें इ. स. १९४८ मध्यें प्रसिद्ध केली. ग्रंथ इंग्रजी, आंकड्यांनी भरलेला, व सामान्य वाचकास दुर्गम. पण त्याचा कर्ता आंकडे घेऊन पुण्यास परतला आणि गोष्ट संपली, असें झालें नाहीं. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीस शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. पाहणी करणारा आणि जिची पाहणी झाली ती रयत एकाच मंडळांत बसल्याचा याहून ठळक दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या विद्येकडे वळूं. येथें हिशेब तितका स्वच्छ नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें इ. स. १९५०-५१ मध्यें उत्खनन केलें, व नेवासें येथील लाडमोड नांवाचें टेकाड इ. स. १९५४ ते १९५६ या काळांत उकरलें. डॉ. हसमुख सांकळिया, शां. भा. देव प्रभृतींचा नेवाशावरील अहवाल इ. स. १९६० मध्यें निघाला. त्याची योग्यता निर्विवाद आहे. ज्ञात इतिहासाकडून अज्ञात प्रागितिहासाकडे थरोथर उतरत जाणारी त्याची मांडणी आजहि विद्यार्थ्यास अनुकरणीय वाटावी. मध्ययुगीन थराखालीं रोमन व्यापाराच्या खुणा, त्याखालीं ताम्रपाषाणयुगीन वस्ती, घराच्या जमिनींत मडक्यांत पुरलेलीं बालकें, आणि प्रवरेच्या कांठच्या खडीवाळूंत अश्मयुगीन हत्यारें, असा एकाच गांवाचा पट त्यांत उलगडला आहे. लाल मडक्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या त्या लोकांच्या संस्कृतीस जोर्व्याचें नांव मिळालें व तें जगभरच्या ग्रंथांत गेलें.

दोष लेखनांत नाहीं, वितरणांत आहे. अहवाल इंग्रजींत, त्याच्या प्रती मोठ्या शहरांच्या ग्रंथालयांत. ज्ञानेश्वरीमुळें ज्या नेवाशाचें नांव मराठी माणसाच्या ओठीं सात शतकें आहे, तेथील शाळकरी मुलाच्या हातीं आपल्याच टेकाडाचा चाळीस पानी मराठी वृत्तांत असावा, ही मागणी भारी म्हणतां येणार नाहीं. टेकाडाची माती खणून नेतात त्या विटांच्या भट्ट्यांपुढें कायद्याची पाटी फार वेळ टिकत नाहीं. गांवास माहिती असेल तरच टेकाड टिकेल.

सेवायोजनेच्या शिबिरांनी हें करावयास हवें होतें. स्वयंसेवकानें वर्षास १२० तास काम करावें व सात दिवसांचें निवासी शिबिर करावें, असा नियम आहे. त्या सात दिवसांत रस्ता झाडणें, झाडें लावणें, प्रभातफेरी काढणें हीं कामें होतात. तीं वाईट नाहींत. परंतु त्यांसाठीं विद्यापीठ लागत नाहीं. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या याच जिल्ह्यांतील गांवांनी पाणी अडविण्याचीं कामें श्रमदानानें करून दाखविलीं आहेत, व तेथें विद्यार्थ्यानें शिकावयासच जावें.

विद्यापीठावांचून जें होत नाहीं तें काम वेगळें आहे. घरोघरच्या पेट्यांतून मोडी कागदांचे रुमाल कसरीच्या तोंडीं पडले आहेत. इ. स. २००३ मध्यें निघालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनच्या व्याख्येंत किमान पंचाहत्तर वर्षांची हस्तलिखित पोथी बसते. पण फर्मानें व महसुली कागद त्यांतून स्पष्टपणें वगळलेले आहेत. म्हणजे महजर, इनामपत्र, वतनाचा तंट्याचा निवाडा, जें आमच्या खेड्याचें खरें धन, तेंच गणनेबाहेर राहिलें. राजवाड्यांनी असे कागद दारोदार हिंडून गोळा केले, त्या वेळीं त्यांच्या पाठीशीं कोणतेंहि विद्यापीठ नव्हतें.

शिबिरांत मोडी वाचणारा एक अध्यापक व दहा विद्यार्थी असल्यास एका गांवाची यादी सात दिवसांत होऊं शकते. कागद मालकाच्याच घरीं राहावे; नेण्याची भाषा काढतांच पेटी बंद होते, हा संग्राहकांचा जुना अनुभव आहे. छायाचित्र घ्यावें, बालबोध नक्कल करावी, तिची एक प्रत मालकास व एक ग्रामपंचायतीस द्यावी, आणि पाहिलेल्या प्रत्येक कागदाची पावती मालकाच्या हातीं ठेवावी. अकोले व पारनेर तालुक्यांतील जुन्या पाटील-कुळकर्णी घराण्यांपासून प्रारंभ केल्यास पहिल्या हिवाळ्यांतच किती रुमाल निघतात तें कळेल.